मनधरणीची वाट

आमच्या तालुक्याच्या गावात माझा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. शाळा चौथीपर्यंत झाली, पण सभा इतक्या ऐकल्या की भाषण करायला मला कागद लागत नाही. पक्षाचं काम जन्मभर केलं. सतरंज्या मी अंथरायच्या, माईक मी लावायचा, आणि तिकिटाची वेळ आली की नाव दुसऱ्याचं. एकदाच हट्टानं नगरपालिकेला अर्ज भरला. पडणार हे मला ठाऊक होतं. तरी भरला, कारण अर्ज मागं घ्यायच्या दिवशी आमच्याकडं एक रीत असते. पुढारी स्वतः घरी येतो, पोहे खातो, "तुम्ही आमचं जुनं माणूस, एवढं ऐका," म्हणतो, आणि चार लोकांसमोर नारळ देऊन फेटा बांधतो. मग आपण माघार घ्यायची. त्यात हार नसते, मान असतो. त्या फेट्यातला माझा फोटो अजून पाकिटात आहे.

हे आधी सांगितलं, कारण गेल्या वर्षी इथं जपानात मी जे केलं ते त्या फेट्यापायी.

बायको गेल्यावर मुलानं मला इथं एदोगावा वॉर्डात आणलं. तो आणि सून दोघं कॉम्प्युटरच्या कामात. नातीला मराठीत विचारलं तर ती उत्तर जपानीत देते. दर रविवारी वॉर्डाच्या सभागृहात पोरांची मराठी शाळा भरते, तिथं तिला मीच सोडतो. ती शाळा एक बाई चालवतात. आठवडाभर कंपनीची नोकरी, रविवारी ही पोरं. सभागृहाची वेळ मिळवण्यापासून पोरांच्या चपला ओळीत लावण्यापर्यंत सगळं त्याच करतात.

इथल्या मराठी मंडळात अध्यक्षपदाची निवडणूक लागली. दोन गट. समोरचा गट म्हणत होता, शाळा बंद करा, त्या वेळेत कार्यक्रमाच्या तालमी घेऊ. आमचा गट शाळेच्या बाजूचा. पण आमच्यातून उभं कोण राहणार हे आधी आपसात ठरवायचं होतं. एदोगावा, नागोया आणि क्योतो, तीन ठिकाणी बैठका. दोन ठिकाणं जो जिंकेल तो आमचा उमेदवार. सगळ्यांनी बाईंचं नाव धरलं होतं. मी उठलो आणि माझंही नाव सांगितलं. वर म्हणालो, "शेवटपर्यंत उभा राहणार. मागं हटणारा माणूस नव्हे मी."

घरी येताना मुलगा म्हणाला, "बाबा, अध्यक्षाला वॉर्ड ऑफिसात जपानीत बोलावं लागतं. तुम्हाला अजून कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा ते कळत नाही."

"तू शीक मला शिकवायला," मी म्हणालो.

एदोगावात मतदान झालं, हात वर करून. माझ्या बाजूनं मुलाचा हात, सुनेचा हात, आणि एका पाहुण्याचा, ज्याला मतच नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. मी म्हटलं, आता येतील.

रोज संध्याकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. सुनेला सांगायचो, पोहे काढून ठेव.

"कोण येणार आहे, बाबा?"

"येतील."

बेल वाजायची, कुरियरवाला असायचा. तो वाकून नमस्कार करायचा, मी पण वाकायचो. बाई काही आल्या नाहीत. रविवारी शाळेत भेटल्या की हसून विचारायच्या, "काका, नागोयाची तयारी झाली का?" मला वाटायचं, टोमणा मारतायत. मी अजूनच ताठ व्हायचो.

मुलानं रजा काढली आणि मला नागोयाला नेलं. तिथली मंडळी मोटारींच्या कारखान्यांतली इंजिनीअर. मी तिथं गावाकडची भाषणं सगळी ओतली. माझी वेळ संपली तेव्हा बाई म्हणाल्या, "काकांचं राहिलंय, माझी वेळ त्यांना द्या." मी घेतली.

मग हात वर झाले. माझा जन्म सभांत गेला आहे. मनापासून वर आलेला हात कोपरात सरळ असतो. नागोयात एकेकानं आधी शेजाऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हात खांद्यापर्यंत वर आला. त्याच्यावर एकही गेला नाही. पण असे हात पुष्कळ होते. मी जिंकलो. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी हात जोडून सगळ्यांचे आभार मानले.

नंतर बाहेरच्या मशीनपाशी गेलो, इथं नाणं टाकलं की गरम चहाचा बंद डबा निघतो. पलीकडं दोघं जण बोलत होते.

"अरे, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर हात खाली ठेवायचा कसा? माझ्या आजोबांएवढे आहेत."

"पण मग शाळा गेली ना यार. समोरचे यांना एका मिनिटात पाडतील."

"क्योतोवाले बघून घेतील. त्या पोरांना भीड नसते."

डबा हातात गरम लागत होता. मी तो तसाच धरून उभा राहिलो, ते जाईपर्यंत. परतीच्या गाडीत मुलानं विचारलं, "खूश ना, बाबा?" मी हो म्हणालो. आणि खरं सांगतो, हे ऐकूनसुद्धा माझ्या मनात आलं, आता तरी बाईंना यावं लागेल.

बाई आल्या नाहीत. त्यांचा निरोप आला, मंडळाच्या ग्रुपवर. मुलानं जेवताना वाचून दाखवला. "नागोयानं काकांना मान दिला आहे. एका गटात भांडण नको. मी माघार घेते." सून ताटावरून उठली. नातीनं जपानीत काहीतरी विचारलं. मी मुलाकडं वळलो.

"काय म्हणते ती?"

"विचारतेय, आपली शाळा बंद होणार का."

दुसऱ्या दिवशी स्टेशनाजवळच्या भारतीय दुकानातून नारळ घेतला आणि बाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी आत घेतलं, चहा ठेवला.

मी म्हणालो, "बाई, तुम्ही उभ्या राहा. मी माघार घेतो."

"काका, आता हा पोरखेळ होईल."

"मग तुम्ही मला आधीच का नाही सांगायला आलात, माघार घ्या म्हणून?"

"मी?" त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, शेवटपर्यंत उभा राहणार. मी ते खरं धरलं."

"असलं खरं धरायचं नसतं हो बाई."

आतल्या खोलीत त्यांच्या नवऱ्याला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे मी घरी यायचं होतं? तुमची समजूत घालायला?"

"हो."

"आणि मी आले नाही, म्हणून तुम्ही नागोयापर्यंत ताणलंत. शाळा गेली असती तरी."

मी नारळ त्यांच्यापुढं सरकवला. खरं म्हणजे इतके दिवस शाळेचा विचारच मी केला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर पोहे होते.

"नारळ राहू दे, काका," त्या म्हणाल्या. "क्योतोला या, आणि तिथं तुमच्या तोंडानं सांगा. नागोयाचंही सांगा."

क्योतोची बैठक विद्यापीठातल्या एका खोलीत होती. बाहेर सायकलींची रांग, आत पीएचडी करणारी पोरं. मी सगळं सांगितलं. खांद्यापर्यंत आलेले हात, मशीनपाशी ऐकलेलं, रोजचा इस्त्रीचा शर्ट. शेवटी म्हणालो, "तेव्हा मी माघार घेतो."

आणि थांबलो. खोड जात नाही. आमच्याकडं या वाक्यानंतर लोक ओरडतात, "नाही नाही, काका!" त्यासाठी जागा सोडायची असते. मी सोडली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी घड्याळ बघत म्हणाली, "थँक्यू काका. मग लगेच मतदान घेऊ या? आमची बस आहे."

बाईंच्या नावाला हात वर झाले, सगळे कोपरात सरळ. माझाही होता, पण तो वर करायला मला सगळ्यांपेक्षा उशीर झाला, आणि समोर बसलेल्या बाईंनी ते बघितलं.