पाळ आणि परवानगी

साकोलीहून भंडाऱ्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची बाई, चपलांना ओला चिखल. सारखी मोबाईल बघायची, मग पदराने खिडकीची काच पुसून पाऊस किती वाढला ते पाहायची.

"कुठं निघालात ताई?" मी विचारलं.

"भंडाऱ्याले, पाटबंधारेच्या साहेबाकडं. मी सरपंच आहो. आमच्या तलावाची पाळ झिरपून राहिली. पहिले गाव जमे, माती टाके, झालं. आता तलाव सरकारचा. मंजुरीबिगर हात लावला त केस होते."

लाखनीच्या अलीकडे तिला फोन आला. ऐकून झाल्यावर ती बराच वेळ बांगड्या मागेपुढे करत राहिली.

"साहेब म्हणते, इथं येऊन फायदा नाही, निर्णय मुंबईत होते. पाळ फुटतानी मुंबईले इचारते का, भाऊ?"

तिने गावात फोन लावला. "फावडे, घमेले घेऊन पाळीवर या. केस झाली त माह्यावर होईल. मी वापस येऊन राहिली."

लाखनीला ती भर पावसात उतरली आणि रस्ता ओलांडून परतीच्या गाडीसाठी उभी राहिली. भंडाऱ्यात दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. तिच्या गावाचं नावही मी विचारलं नव्हतं.

धानाची रोवणी आटोपल्यावर ती साकोलीच्या स्टँडवर दिसली. मी घाईने पाळीचं विचारलं.

"टिकली न. रोवणे बी झाले," ती लागलेल्या गाडीची पाटी वाचत म्हणाली. "मंजुरी अजून आली नाही. नोटीस लगेच आली. तिच्याच सुनावणीपाई नागपूरले चालली."