इन लाइन फॉर प्रमोशन

चिंचवडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. सत्तरच्या पुढची वर्षं असतील. आमच्या सीनियर क्लार्कने नोकरी सोडली आणि त्याचं सगळं काम माझ्या टेबलावर आलं. पगार मात्र टायपिस्टचाच राहिला. वर्षभर वाट पाहून मी बढतीसाठी अर्ज लिहिला, इंग्रजीत. त्यात एक वाक्य होतं, ‘आय ॲम इन द लाइन ऑफ प्रमोशन.’

पर्सोनेल ऑफिसरनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार उघडंच ठेवलं. बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते वाक्य वाचलं.

“लाइन ऑफ प्रमोशन? रॉकेलची लाइन असते तशी का? मग डबा आणलात का?”

बाहेर हशा पिकला. दुपारच्या चहाला मी उठले, तर चार-पाच जण माझ्या खुर्चीमागं रांग लावून उभे. एकाच्या हातात खरंच डबा होता, जेवणाचा. मीही हसले. काय करणार?

संध्याकाळी साहेबांनी परत बोलावलं. या वेळी शांतपणे समजावलं. “‘द’ नको, ‘ऑफ’ नको. इन लाइन फॉर प्रमोशन. म्हणजे ज्याला बढती मिळू शकते असा माणूस. लिहा.”

शाळेतसुद्धा मला इतकं नीट कुणी शिकवलं नव्हतं. अर्ज पुन्हा टाइप करून दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, “आता बरोबर आहे.”

मी ते वचनच समजले.

रविवारी देहूरोडला जाऊन वडिलांना सांगितलं. ते लष्कराच्या डेपोत हमाली करून निवृत्त झालेले. त्यांनी ते शब्द माझ्याकडून घोटून घेतले आणि विहारात ज्याला त्याला सांगत सुटले, “आमची पोरगी इन लाइन फॉर प्रमोशन हाय.”

दिवाळीनंतर ऑफिसात एक मुलगा आला. साहेबांच्या ओळखीतला, नुकता बी.कॉम. झालेला. आला तोच सीनियर क्लार्क म्हणून, आणि त्याला काम शिकवायचं मी. मी केबिनमध्ये गेले.

“साहेब, माझा अर्ज बरोबर आहे म्हणाला होतात.”

“इंग्रजी बरोबर आहे म्हणालो, बाई. मिळू शकते म्हणजे मिळतेच असं नाही. शब्द वापरता, तर अर्थही समजून घ्या.” मग फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले, “तुम्हा लोकांना सरकारी नोकरीत सवलती आहेत. तिकडं बघा की.”

दार उघडंच होतं. या वेळी कुणी हसलं नाही, माझ्याकडं कुणी पाहिलंही नाही. मी त्या मुलाला हजेरीपत्रकं कुठं ठेवतात ते दाखवलं.

रविवारी वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “सायबानं सांगितलं तसंच लिवलं व्हतंस ना?”

“तसंच लिहिलं होतं.”

“न्हाई, येवढा मोठा साहेब. तूच चुकली असशील कुटंतरी.”

त्यानंतर बरेच रविवार मी देहूरोडला गेले नाही. ती कंपनी सोडेपर्यंत मी टायपिस्टच होते.