सॉरीचं कोरं कार्ड

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत संपादक बाईंचा भलता दरारा. इंग्रजी शब्दाच्या प्रत्येक अर्थाला एक कार्ड, कार्डावर एक वाक्य, आणि ते वाक्य कुणीतरी खरोखर बोललेलं किंवा लिहिलेलंच हवं. मनचं घातलंत की कार्ड टराटरा फाटलंच. माझी किती फाटली ते विचारू नका.

त्यांच्या हातात कायम लाल पेन. हॉटेलातलं मेनूकार्डसुद्धा तपासून परत द्यायच्या. आम्ही हसायचो. पण याच सवयीनं घात केला.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं पत्र आलं होतं. नवऱ्याशी पटत नाही, जीव नकोसा झालाय, असं. बाईंनी लाल पेनानं शुद्धलेखन तपासलं, समासात 'वाक्ये फार लांबली' असा शेरा मारला आणि पत्र परत धाडलं. आता काय म्हणावं या बाईला! पोरीनं त्यानंतर फोनच उचलला नाही.

"मला वाटलं, मदत होईल," एवढंच त्या मला म्हणाल्या होत्या.

यंदा त्यांच्या वाट्याला 'सॉरी' आला. धक्का लागल्यावरचा सॉरी, ऐकू न आल्यावरचा, नकार देतानाचा, कुणाची दैना सांगणारा, सगळ्यांची वाक्यं भराभर मिळाली. अर्धी तर माझ्याच तोंडची. उरला एकच अर्थ, मनापासून माफी मागण्याचा. ते कार्ड महिनाभर कोरं.

"तुम्ही स्वतः कधी म्हणालात का?" मी विचारलं. माझी जीभ, दुसरं काय!

बाईंनी कार्ड उलटं करून ठेवलं. "नाही हो. आईलाही नाही, नवऱ्यालाही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला पत्र लिहिलं आणि मला वाचायला दिलं. चार पानं! जुन्या इंग्रजीत हा शब्द दुखऱ्या जखमेच्या शब्दापासून कसा निघाला, आधी तो नुसतं 'मनाला लागलंय' एवढंच कसं सांगायचा, माफीसाठी नंतर कसा वापरात आला. मी कपाळावर हात मारला.

"बाई, पोरीला पत्र लिहिताय की प्रस्तावना?"

"मला असंच येतं हो," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. पत्र तसंच गेलं.

मग दोन आठवडे बाई टपालाच्या वेळी पाणी प्यायच्या निमित्तानं दाराशी जायच्या. तहान कसली! बघवायचं नाही मला.

शेवटी एक जाड पाकीट आलं. बाईंनी ते फोडलं आणि पानं टेबलावर पसरली. त्यांचंच पत्र परत आलं होतं, लाल शाईनं भरून. माझं तर डोकंच फिरलं. सूड घ्यायचा तो आईवर? पानं ओढून घेऊन मी वाचायला लागलो. पानापानावर आडव्या रेघा, आणि समासात शेरा: 'फापटपसारा. गाळावा.' शेवटची ओळ तेवढी शाबूत होती: 'सॉरी, बाळ. मला तुझ्या चुका दिसल्या, तुझं दुखणं दिसलं नाही.'

तिच्याखाली मुलीनं लिहिलं होतं, 'हे ठेवावं. आई, रविवारी ये. पेन आणू नकोस.'

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्या टेबलावर ठेवलं. "सांभाळा जरा," म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या.

त्या गेल्यावर कोरं कार्ड मीच भरलं. वाक्य: 'सॉरी, बाळ.' कोण कुणाला: आई, मुलीला. सोमवारी बाईंनी ते दोनदा वाचलं आणि खोक्यात जागच्या जागी लावलं.