जानकी वहिनीच्या अंगणातली बैठक

सैन्यात एकवीस वर्षं काढली, शेवटची पोस्टिंग काश्मीर. हवालदार होऊन घरी आलो. त्याच वर्षी वाघबारशीच्या, म्हणजे वाघदेवाच्या पूजेच्या, आदल्या दिवशी जव्हारला बैठक होती, देवधर्मावरून तरुण पोरं भडकू नयेत म्हणून. वेळ ११००. पाहुणे आले १२४०. देव मानणारे एका बाजूला, न मानणारे दुसऱ्या. दोघंही बोलले ते माइकशी. ज्यांच्यासाठी हा थाट, त्यांतला एकही हॉलात नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारे मी सैन्यातही पाहिलेत, पण ते निदान वेळेवर यायचे. किळस आली. चहा न घेता निघालो.

पोरं सापडली १५३० ला, साखरशेतजवळच्या आमच्या पाड्यावर, जानकी वहिनीच्या अंगणात. सात जण. म्होरक्या किसन, भिवंडीहून परतलेला, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. वहिनी म्हणजे माझ्याच पलटणीतल्या नाईक लहानूची विधवा. नवऱ्यासारखी तीही पूजाअर्चा मानत नाही.

"जो पूजा में नहीं, वो गाँव में नहीं," किसन म्हणाला. "उद्या वाघदेवाला नारळ नाय आणला, तर हिच्या झोडणीला कोणी जायचं नाय."

एकट्या बाईचं भात खळ्यावर कुजलं असतं.

"खाली बसा," मी म्हटलं. बसले. भगत सोनूबाबांना बोलावलं. पोरं खूश, बाबा आपलेच म्हणून.

बाबा वहिनीसमोर टेकले. "जानके, उद्या येशील?"

"नाय बाबा. दरसालसारखी गुरं राखीन."

"राख." मग पोरांकडे वळले. "आपण सगले डोंगरावर देवाला जातो, तवा गावाची गुरं कोण राखतं? आधी सुटीवर यायचा तवा लहानू, आता ही. वाघदेवाला जबरीचा नारल नको."

दरसाल वर नाचायला हेच पुढं. खाली कोण राहतं, एकालाही ठाऊक नव्हतं.

"आमाला कोणी सांगितलं नाय," किसन पुटपुटला.

"विचारलंस?" बाबा म्हणाले.

चार दिवसांनी झोडणीला सातही आले. लाजेनं की कळून, मी विचारलं नाही. अंगणात मी त्यांना एवढंच सांगितलं होतं:

पोस्टवर रविवारी ०७०० ला मंदिर परेड असायची. लहानू हात जोडत नसे, म्हणून त्या वेळेचा गेटवरचा पहारा, संत्री ड्यूटी, मागून घ्यायचा. एका रविवारी ०७१० ला फायर आला. वायरलेस सेटवर त्याचा एकच मेसेज. "गेटवर तिघं. आतल्यांना बाहेर सोडू नका." सात मिनिटं त्यानं गेट एकट्यानं धरलं. मंदिरात आम्ही सोळा जण होतो. सोळाही घरी आलो.