भिजवणाचं पिंप

काकू सातवी पास. आठवीला गणितात दांडी उडाली आणि त्याच वर्षी त्यांची शाळा सुटली. त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं की त्या सांगतात, "गणित येत नव्हतं असं नाही. उत्तर यायचं, रीत यायची नाही. आणि मास्तरांना रीत हवी असायची."

गेली बत्तीस वर्षं त्या बेकरी चालवतात. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे मळायची खोली, त्यामागे भट्टी, आणि भट्टीच्या वरच्या मजल्यावर घर. हिवाळ्यात या घराला शेकोटी लागत नाही आणि उन्हाळ्यात कुणी पाहुणा दोन दिवसांच्या वर टिकत नाही, असं त्यांचे यजमान म्हणतात. भट्टी यजमानांची, पीठ काकूंचं, अशी वाटणी लग्नानंतर सासूबाईंनीच करून दिली होती. यजमान दिवसभरात मोजकी वीस वाक्यं बोलतात. त्यातली अठरा टोमणे असतात.

काकूंचं सगळं ज्ञान हातात आहे. फुगलेल्या पिठात बोट रुतवायचं. खड्डा झटकन भरून आला तर पीठ अजून कच्चं, सावकाश भरला तर तयार, भरलाच नाही तर वेळ गेली. ब्रेड साच्यातून काढून पालथा करायचा आणि बुडावर टिचकी मारायची. पोकळ आवाज आला की झाला. भट्टीत चिमूटभर मैदा टाकून तो किती आकड्यांत तांबूस होतो हे त्या तोंडाने मोजतात. भिंतीवर तापमापक आहे. त्याचा काटा चार वर्षांपूर्वी अडकला, तो अजून तिथेच आहे, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

त्यांची एकुलती लेक मात्र रीत शिकली. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी, मग त्यावरची पदवी. पाच वर्षं बाहेरगावी. शेवटची परीक्षा देऊन ती घरी आली. एका प्रयोगशाळेत नोकरी ठरली होती, रुजू व्हायला महिना होता. शेजारच्या शिंप्याने दुकानात येऊन विचारलंच, "काकू, एवढं शिकवलंत पोरीला. आता पावाला डिग्री लावणार का?"

"तुम्ही शर्टाला बटणं वेळेवर लावा," काकू म्हणाल्या. "डिग्रीचं आमचं आम्ही बघू."

पण आतून त्यांनाही ते कोडंच होतं. लेकीचा अभिमान होता, नाही असं नाही. पण पाच वर्षं नेमकं काय शिकली, हे त्यांना कुणाला सांगता येत नसे. "बारीक जंतूंचं काहीतरी," एवढंच त्या सांगत.

लेक आली त्याच आठवड्यात हॉस्पिटलचा ब्रेड परत आला.

हॉस्पिटलची ऑर्डर दोन महिन्यांपूर्वी मिळाली होती. रोज एकशेवीस डब्याचे ब्रेड, म्हणजे साच्यात भाजलेले लांबोडके, आणि साठ बन. बेकरीची निम्मी मेहनत त्या एका दारी जायची. अट एकच होती: ब्रेड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बंद करून. तिथल्या स्वयंपाकघराच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या फारशा बोलणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठीही दिली नाही. वीस ब्रेड परत पाठवले, त्यातला एक मधोमध तोडून.

काकूंनी तो हातात घेतला. आतला भाग ओलसर, पिवळट. दोन्ही तुकडे लांब करावेत तर मधे कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा. वास पिकून उतरलेल्या खरबुजाचा.

"कच्चा राहिलाय," काकूंनी निकाल दिला. "अहो, दहा मिनिटं जास्त ठेवा."

"माझी भट्टी कच्ची ठेवत नाही," यजमान म्हणाले. "पण ठेवतो. तुझं समाधान."

ब्रेड दहा मिनिटं जास्त भाजला. वरची साल जाड झाली, दातांना कामाला लावू लागली. आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा वीस ब्रेड परत. या वेळी मोठ्या बाईंचा फोनही आला. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट. "काकू, आमच्याकडे आजारी माणसं खातात. तूर्त पाठवू नका. पुढच्या सोमवारी एकदाच पाठवा. तो दोन दिवस टिकला तर ठीक. नाही टिकला तर मला दुसरी बेकरी पाहावी लागेल."

काकूंनी फोन ठेवला आणि टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छच होतं.

लेकीने परत आलेला ब्रेड उजेडात धरला, तार ओढली, वास घेतला. तिचे डोळे चमकले. काकूंना त्याचा रागच आला.

"आई, हा कच्चा नाही. हे जिवाणू आहेत. पुस्तकात फोटो पाहिला होता, प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं."

"भाजलेल्या ब्रेडमध्ये?"

"हो."

"भट्टीत हात घातला तर कोळसा होईल, आणि तुझे जंतू आत जिवंत बसून राहतात?"

"साल तापते तेवढा गाभा तापत नाही, आई. तो उकळत्या पाण्याइतकाच तापतो. आणि यांचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. गरम, दमट जागा मिळाली की उठतात."

काकूंनी यजमानांकडे पाहिलं. यजमान छताकडे पाहत म्हणाले, "एक कच्चा म्हणते, एक किडलेला म्हणते. भट्टी निर्दोष सुटली, एवढं मला पुरे."

मग लेकीने रीतसर शोध सुरू केला. जंतू कशातून येतात ते पाहायचं. मैद्याच्या तीन वेगवेगळ्या पोत्यांतला मैदा, नळाचं पाणी, उकळलेलं पाणी, जुनं यीस्ट, नवं यीस्ट. प्रत्येकाचे दोन-दोन वेगळे छोटे ब्रेड भाजायचे, वर चिठ्ठी चिकटवायची, पिशवीत घालून भट्टीच्या वरच्या फळीवर दोन दिवस उबेत ठेवायचे. चौदा ब्रेड झाले. ती स्वतः वजन करून मळत होती, ग्रॅमवर. काकू बाजूने येता-जाता पाहत. पोरीचं मळणं कच्चं होतं, मनगट वापरत नव्हती, पण स्वच्छता अशी की टेबलावर माशी बसायला लाजली असती.

गुरुवारी दुपारी चौदाच्या चौदा ब्रेड कापले. पांढरेशुभ्र, कोरडे. एकालाही तार नाही.

लेक स्टुलावर बसली. "असं होऊच शकत नाही."

"म्हणजे मैदा चांगला, पाणी चांगलं, सगळं चांगलं," काकू म्हणाल्या. "मग तुझे जंतू आले आभाळातून?"

"सगळी पोती टाकून द्यावी लागतील. बेकरी आठवडाभर बंद. सगळं धुऊन काढायचं."

"तुझ्याच ब्रेडने सांगितलं ना मैदा चांगला म्हणून? मग पोती कशाला टाकू? पढतमूर्खासारखं बोलू नकोस."

आईचं उत्तर बरोबर होतं.

काकू त्या चौदा ब्रेडकडे पाहत राहिल्या. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. दोन्ही वेळा हॉस्पिटलने ब्रेड परत पाठवले. बन एकदाही नाही. बनही त्याच मैद्याचे, त्याच पाण्याचे, त्याच पिशवीत जाणारे. मग बन का सुटले?

"तू तुझ्या ब्रेडमध्ये काय काय घातलंस?" त्यांनी विचारलं.

"मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, साखर, तेल."

"आणि?"

"आणि काय? ब्रेडमध्ये अजून काय असतं?"

काकू उठल्या. मळायच्या खोलीच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या मागे, झाकण घातलेलं एक निळं पिंप होतं. त्याच्यासमोर त्या उभ्या राहिल्या आणि लेकीकडे न पाहता बोलल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त थोडा कोरडा.

"हे असतं."

पिंपात भिजवण होतं. संध्याकाळी दुकानात उरलेला ब्रेड पाण्यात भिजवायचा आणि पहाटे डब्याच्या ब्रेडच्या प्रत्येक घाण्यात त्याचे दोन मग ओतायचे. बनमध्ये नाही, बनाचं पीठ त्याने चिकट होतं. ही सासूबाईंची शिकवण. त्याने ब्रेड मऊ होतो, आणि भाजलेलं अन्न टाकायचं पाप लागत नाही. बाहेर कुणाला सांगायचं नाही, कारण गिऱ्हाईक शिळं म्हणेल. म्हणून ते ओतायचं काम काकू एकट्या असताना, लेक जागी व्हायच्या आत, उरकायच्या. बत्तीस वर्षं.

लेकीने झाकण उघडलं. खरबुजाचा वास आला.

"हे तू कधी धुतेस?"

"धुते की. पण थोडं तळाशी ठेवते. सासूबाई म्हणायच्या, जुनं असेल तर नवं लवकर लागतं."

"आणि हॉस्पिटलमधून परत आलेला ब्रेड?"

हा प्रश्न येणार हे काकूंना कळलंच होतं. "तारा सुटलेले फेकून दिले," त्या म्हणाल्या. "बाकीचे दिसायला चांगले होते."

"यात टाकलेस."

"यात टाकले."

दारात यजमान उभे होते. त्यांनी त्या दिवसाचं विसावं वाक्य खर्चून टाकलं: "म्हणजे हॉस्पिटलने जंतू परत केले आणि आपण ते पोसले."

लेक हसली. काकूंना हसू आलं नाही, पण बरं वाटलं. पोरगी ओरडली असती तर त्यांना सोसलं नसतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "आई, हे मला मंगळवारी सांगितलं असतंस तर मी चौदा ब्रेड भाजले नसते."

"तू विचारलं नाहीस."

"पुस्तकात भिजवण नाहीये गं. विचारणार काय?"

मग ती पुन्हा विचारात पडली. "पण बत्तीस वर्षं काही झालं नाही. आत्ताच का?"

त्याचं उत्तर काकूंकडे होतं. ते त्यांना आत्ता, बोलता बोलताच दिसलं. पूर्वी ब्रेड फडक्याखाली तीन-चार तास गार व्हायचा आणि उघडाच विकला जायचा. संध्याकाळपर्यंत लोकांच्या पोटात. हॉस्पिटलचा ब्रेड सकाळी सातला निघायचा, म्हणून दोन महिने तो गरम असतानाच पिशवीत भरत होते. वर उन्हाळा. "पिशवीच्या आत पाणी धरायचं," काकू म्हणाल्या. "मी रोज पाहत होते. मला वाटायचं, ताजेपणा दिसतोय."

"गरम आणि दमट," लेक म्हणाली.

"तेच. तुझ्या जंतूंना पाळणा बांधून दिला आपण."

पिंप त्याच संध्याकाळी गेलं. यजमानांनी ते रिकामं करून, उलटं करून, कचऱ्याच्या गाडीत चढवलं. काकू जिन्यातून पाहत होत्या. शुक्रवारी बेकरी बंद ठेवून टेबल, साचे, मळायचं यंत्र, मग, फळ्या, सगळं गरम पाण्याने आणि मग व्हिनेगरने पुसलं. शिंप्याने नाकाला रुमाल लावून विचारलं, "लोणच्याचा कारखाना काढला का?"

पिठातही थोडं व्हिनेगर घालायचं, लेकीने सांगितलं; आंबटपणात हे जंतू वाढत नाहीत. प्रमाण तिने वहीत काढलं होतं. घड्याळ लावून पाऊण तास झाला तशी ती म्हणाली, "झालं. भट्टीत घाल." काकूंनी बोट रुतवलं. खड्डा टुणकन वर आला.

"नाही झालं. तुझ्या व्हिनेगरने यीस्टला मरगळ आलीय. थांब."

"पण पुस्तकात..."

"पुस्तकात तुझं पीठ नव्हतं. थांब म्हटलं ना."

अजून अर्धा तास गेला. मग खड्डा सावकाश भरला. पहिला तुकडा खाऊन काकूंनी तोंड वाकडं केलं, व्हिनेगर निम्मं करू म्हणाल्या. लेकीने वही मिटली आणि एक इंच हलली नाही. "चवीचं तू बघ. हे मी सांगेन तेवढंच." शेवटी साखर चमचाभर वाढली, व्हिनेगर तसंच राहिलं. त्यातले दोन ब्रेड पिशवीत घालून भट्टीवरच्या फळीवर ठेवले. रविवारी सकाळी कापले तेव्हा गाभा कोरडा होता. काकूंनी तरीही दोन तुकडे खिडकीशी नेऊन, चष्मा लावून, हळूहळू ओढून पाहिले.

हॉस्पिटलचा ब्रेड आता आदल्या दुपारी भाजायचा ठरला, म्हणजे गार व्हायला वेळ मिळतो. सोमवारी एकशेवीस ब्रेड गेले. मंगळवारी कुणीच त्याबद्दल बोललं नाही. काकूंनी दोनदा एकाच घाण्यात मीठ घातलं आणि ते पीठ फेकावं लागलं. यजमानांनी त्यावर टोमणा मारला नाही.

बुधवारी अकरा वाजता फोन आला. मोठ्या बाई म्हणाल्या, "दोन दिवसांचा ब्रेड समोर ठेवलाय. चांगला आहे. काय झालं होतं?"

मैदा खराब होता, असं म्हणणं सोपं होतं. मैद्याला कुणी विचारायला जाणार नव्हतं. लेक समोरच उभी होती आणि मुद्दाम दुसरीकडे पाहत होती.

"चूक माझी होती," काकू म्हणाल्या. "उरलेला ब्रेड भिजवून पिठात घालायची जुनी रीत होती आमची. त्यात जंतू झाले. आम्ही ती बंद केली. मुलीने शोधलं. ती शिकलेली आहे त्यातलं."

मोठ्या बाई म्हणाल्या, "शिळा ब्रेड? आमच्या पेशंटना?"

"हो."

"यापुढे?"

"उरलेला ब्रेड कापून, वाळवून टोस्ट करतो. दुकानात, टोस्ट म्हणूनच विकतो. केव्हाही या, न सांगता या. कोपरे बघा."

"येईन," बाई म्हणाल्या. आणि जरा थांबून, "उद्यापासून एकशेवीस. बन साठच. आणि तुमची मुलगी अजून आहे का तिथे? आमच्या कोठीचंही तिने एकदा बघावं."

काकूंनी फोन ठेवला. "गुरुवारपासून पूर्ण ऑर्डर," त्या म्हणाल्या. "आणि तुला त्यांची कोठी बघायला बोलावलंय."

"जाऊ?"

"जा. पण नुसतं पोती मोजू नकोस. आधी त्यांच्या स्वयंपाक्याला विचार, तो रोज काय करतो ते. न सांगण्यासारखं काय करतो, तेही विचार."

"ते कसं विचारायचं?"

ही रीत मात्र काकूंना येत होती.

"आधी त्याच्या हातचं खा," त्या म्हणाल्या. "मग विचार."