आजोबांचा खाकी शर्ट

पडदा वर जातो तो भांडुपच्या एका गल्लीत, भर सायंकाळी. बँड तयार, फेटेवाले तयार, पांढऱ्याशुभ्र घोडीवर नवरी नेत्रा बसलेली. आणि घोडी मात्र जागची हलत नाही!

ही शेवंती, नेत्राच्या आजीची, सुंदराबाईंची लाडकी. नवरा गेल्यावर सुंदराबाईंनी दोन घोड्यांच्या जोरावर तीन मुलं वाढवली. शेकडो वरातींत लगाम धरून त्या पुढे चालल्या. सकाळी आधी घोड्यांना भिजवलेले हरभरे, मग मुलांना भाकरी, मग स्वतः. नेत्राला त्यांनी लहानपणीच शब्द दिला होता, "तुझ्या लग्नात नवरदेव येईल गाडीतून. घोडीवर तू बसायचं."

"आजी, कार बोलवूया का गं?" नेत्रा रडवेली झाली.

"गप गं! कार काय नाचते का?" रेशमी साडीतल्या सुंदराबाईंनी लगाम ओढला. शेवंतीने त्यांना हुंगलं आणि मान फिरवली. अत्तराचा वास! तेव्हा त्यांना उमगलं. कामावर त्या नेहमी साडीवरून नवऱ्याचा जुना खाकी शर्ट घालत, आणि घोडी त्याच वासामागे चालायची. तबेल्यातल्या खुंटीवरचा शर्ट मागवून त्यांनी अंगात चढवला, आणि शेवंती अशी ठुमकत निघाली की बँडवाल्यांचीच धावपळ झाली.

पुढे आजारपणात सुंदराबाई त्या वरातीचे फोटो पुन्हापुन्हा बघायच्या. एकदा नेत्राने चिडवलं, "बघ, सगळ्या फोटोंत तो मळका शर्ट!" त्या खुदकन हसल्या आणि बोलल्या, ते त्यांचं शेवटचं बोलणं:

"बरं झालं. नाहीतर म्हातारा रुसला असता ना, मला वरातीत नेलं नाही म्हणून."