हवालदारांची पूजा आणि मावशींचे नारळ

करवीरनिवासिनीला वंदन करून गेल्या श्रावणातील एका सत्यनारायणाची आठवण लिहितो. यजमान आमच्या पेठेतील हवालदार. त्यांना नुकतीच बढती मिळाली होती. मांडलेले नारळ, केळी, हार पाहून मी सहज विचारले, "सामग्री कोठून आणलीत?"

"देवळाजवळच्या गाड्यावरनं. मावशी आमच्याकडनं पैसं घेत न्हाय, गुरुजी."

मी पळी खाली ठेवली. "मग फळही मावशींनाच मिळेल. त्यांना बोलवा, पाटावर त्या बसतील. आपण प्रसाद घ्या."

त्यांच्या पत्नी पदराआड हसल्या. "जावा की, पैसं देऊन या. का बढती बी मावशीलाच द्यायची हाय?"

हवालदार सोवळ्यातच स्कूटरवरून गेले. परतले तेव्हा मागे मावशी बसलेल्या, चेहरा उतरलेला. आत येताच त्यांनी मला हात जोडले. "गुरुजी, सायबांनी आज पैसं दिलं. माझा गाडा उठवणार हायत व्हय?"

हवालदार हळूच म्हणाले, "न्हाय उठवत, मावशी. बसा."

पूजेनंतर पहिला प्रसाद त्यांनी मावशींच्या हातावर ठेवला. मी मान डोलावल्यावरच मावशींनी तो तोंडात घातला.

वाचकहो, आपल्या घरी सुख नांदो, आणि दारी पोलीस आला तर त्याला निर्धास्तपणे चहा विचारण्याचे भाग्य आपल्या कुटुंबास लाभो.